आधी ऐकव

‘ऐकणं’ या क्रियापदाची मराठीत दोन घरं आहेत. गाणं ऐकायचं असतं, तसं मोठ्यांचंही ऐकायचं असतं. एका घरात कान लावून बसायचं, दुसऱ्यात मान खाली घालून उभं राहायचं. १९९१ च्या पावसाळ्यात, मी अकरावीत असताना, एका मुलाने ही दोन्ही घरं एका दमात जोडली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट त्याने माझ्या दप्तरात कोंबली आणि म्हणाला, “माझं ऐक. हे ऐक.”

एवढंच. बँड कुठला, गाणी कसली, काही नाही. “सोमवारी परत आण,” असं जाता जाता ओरडला आणि फर्ग्युसन रस्त्यावर चिखल उडवत सायकलवरून दिसेनासा झाला.

तो आमच्याहून दोन वर्षांनी पुढे होता, म्हणून टोळक्यात त्याचं नाव थोरला. केस कॉलरच्या खाली उतरलेले आणि त्यावरून घरी रोज महाभारत. आमच्या हव्या त्या कॅसेट दुकानात मिळत नसत आणि मिळायच्या त्या परवडत नसत. मग कोणाचा मावसभाऊ आखातात, कोणाचा आत्येभाऊ अमेरिकेत, त्याने आणलेली मूळ कॅसेट मुंबईत एकाने डबल डेकवर उतरवायची, त्याच्यावरून दुसऱ्याने, त्याच्यावरून थोरल्याने. दर पिढीला मागची सरसर थोडी वाढायची. आमच्यापर्यंत पोचेतो गिटारच्या मागे कायमचा पाऊस लागलेला असे. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमची सुरुवात मुळातच पावसाने आणि लांबच्या घंटेने होते. त्यातला अल्बमचा पाऊस कुठला आणि टेपचा कुठला, हे मला कित्येक वर्षं सांगता आलं नसतं.

पण त्या पहिल्या कॅसेटवर सॅबथ नव्हतं. एका बाजूला आयर्न मेडनचा ‘पॉवरस्लेव्ह’ होता, दुसऱ्या बाजूला स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’. आणि इथे थोडा हिशेब सांगायला हवा, कारण आमची निम्मी रसिकता या हिशेबातून आली आहे. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, फार तर मिनिटभर जास्त. ‘पॉवरस्लेव्ह’ आहे ५१ मिनिटांचा. त्याचं शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं, कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या दीर्घकवितेवर बेतलेलं. गाण्याच्या मधोमध वारा पडतो, वाद्यं जवळजवळ गप्प होतात आणि जहाजाची लाकडं कुरकुरताना ऐकू येतात. साधारण तिथेच, आठेक मिनिटांनंतर, आमची टेप संपायची. खट्. पुढे त्या खलाशाचं काय झालं, वारा सुटला का, कोणी घरी पोचलं का, काही कळायला मार्ग नव्हता. माझं जहाज पुढची चार वर्षं त्याच पाण्यात उभं होतं.

‘रेन इन ब्लड’ची तऱ्हा उलटी. तो उणापुरा २९ मिनिटांचा. इतका आखूड की कंपनीने स्वतःच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम छापला होता. आमच्या बाजूवर तो संपला की सोळा मिनिटं उरायची. ती रिकामी ठेवणं म्हणजे पाप. कॅसेट भरून देणारा तिथे आपल्या मनाने काहीतरी टाके: मेगाडेथचं एखादं, जुडास प्रीस्टचं एखादं, कधी नावही न लिहिलेलं तिसरंच. भाजीवाली वजन झाल्यावर वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टाकते ना, तसं. मी मागितलेल्या अल्बमांनी मला जेवढं शिकवलं, त्याहून या वरच्या कोथिंबिरीने जास्त शिकवलं. कारण मागणारा आपल्याला माहीत असलेलंच मागतो.

भरून झालं की कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडायचे. मग ती कोणाला चुकून पुसता येत नाही. अर्थात, पुसायचीच असेल तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की काम भागतं. हे ज्ञान घराघरांत होतं आणि त्यापायी मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

आमच्या घरात मात्र कॅसेटचा खरा जाणकार मी नव्हतोच. माझे एक काका नारायण पेठेत राहायचे. बँकेत नोकरी, संध्याकाळी बैठकीची खोली बंद. त्या खोलीत भिंतीला लागून लाकडी खोके आणि खोक्यांत खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं. मन्सूर, कुमार, किशोरीताई. कोणाच्या दिवाणखान्यात, कोणाच्या गच्चीवर गायलेलं. पुण्या-मुंबईच्या रसिकांत या टेपांचा एक बंद व्यवहार चाले. एक दिल्याशिवाय एक मिळत नसे. रात्री नऊला न्यायची, सकाळी सातच्या आत परत करायची. काकांचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर राग, ताल, जागा, किती मिनिटं, मागे कोणी खोकत असेल तर तेही. आणि ज्यांवर त्यांचा फार जीव होता त्यांच्यावर तळाशी एक ओळ: ‘कोणालाही देऊ नये.’ ही ओळ त्यांनी स्वतःच किती वेळा मोडली हे काकूला विचारा.

घरातले इतर माझ्या खोलीतल्या आवाजाला ‘रस्त्याचं काम’ म्हणायचे. काका मात्र एका रविवारी आले आणि म्हणाले, “काय ऐकतोस रे तू? ऐकव बघू.”

माझ्याकडे तेव्हा सॅबथचा पहिला अल्बम नुकताच आला होता, थोरल्याने भरून दिलेला. ३८ मिनिटांचा अल्बम, उरलेली सात मिनिटं मुद्दाम कोरी. “याच्यानंतर काही लावायचं नसतं,” असं तो म्हणाला होता. मी कॅसेट घातली आणि तोंड सुरू केलं. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, त्या दिवशी हा अल्बम निघाला, बर्मिंगहॅमची चार पोरं, एका दिवसात रेकॉर्ड केला, गिटारवाल्याची बोटं...

काकांनी हात वर केला. “आधी ऐकव.”

मग पाऊस. घंटा. “पाऊस आहे की टेप खराब आहे?” “दोन्ही,” मी म्हणालो. आणि मग गिटारचे ते तीन स्वर. काकांनी डोळे मिटले. दुसऱ्या आवर्तनाला त्यांचं बोट गुडघ्यावर हललं. “सा,” ते पुटपुटले, “वरचा सा... आणि हा तीव्र मध्यम.” थोडं थांबून: “तिथेच बसलाय. पंचमाकडे बघतसुद्धा नाही.” त्यांनी तो तुकडा मला दोनदा मागे घ्यायला लावला.

पाश्चात्त्य संगीतात या अंतराला सैतानाचं नाव चिकटलेलं आहे. चर्चने त्यावर बंदीच घातली होती, अशी गोष्ट हेवी मेटलवाले एकमेकांना रंगवून सांगतात. तिला आधार नाही, पण ती सांगण्यात मजा आहे हे खरं. आमच्या काकांना त्यात सैतान दिसण्याचं काही कारणच नव्हतं. यमन, पूरिया, मारवा, दिवेलागणीचे हे राग त्याच तीव्र मध्यमावर उभे. बर्मिंगहॅममध्ये ज्या सुराने अंगावर काटा यायचा, त्याच सुराला नारायण पेठेत तुळशीपाशी दिवा लागायचा. गायकाबद्दल त्यांचं मत विचारलं, तर म्हणाले, “बेसूर नाही. घाबरलाय, आणि खरोखर घाबरलाय.” ऑझी ऑस्बॉर्नवर मी पुढे बरंच काही वाचलं, यापेक्षा नेमकं काही सापडलं नाही.

“आता सांग,” ते म्हणाले. मी गिटारवाल्याची गोष्ट सांगितली. टोनी आयोमी, डावखुरा, सतराव्या वर्षी कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची पेरं गमावलेला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग “राहू दे ही दोन दिवस माझ्याकडे” म्हणाले आणि कॅसेट सदऱ्याच्या खिशात टाकली. दोन महिन्यांनी मी आठवण केली, तेव्हा “सापडत नाही रे,” असं ओशाळून म्हणाले. मी विषय सोडून दिला.

आयोमीची गोष्ट मला तेव्हा अर्धीच ठाऊक होती. २०११ साली त्याचं आत्मचरित्र आलं, त्यात उरलेली वाचली. कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून तो बँडमधून गिटार वाजवायला बाहेर पडणार होता. दुपारी घरी जेवायला आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम पुरं करून ये. त्याने आईचं ऐकलं. दुपारी एक कामगार आलेला नव्हता, त्याच्या प्रेसवर याला उभं केलं. त्या यंत्राची याला सवय नव्हती. पत्रा दाबणारं ते धूड बोटांवर आलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो घरी खचून बसलेला असताना कारखान्याचा मुकादम त्याला भेटायला आला. येताना एक रेकॉर्ड घेऊन आला. हा म्हणाला, मला काही ऐकायचं नाही. मुकादमाने तरी लावायला लावली. गिटार होती, जॅझची, भन्नाट वेगाची. हा म्हणाला, चांगली वाजवतोय. त्यानंतरच मुकादमाने सांगितलं: हा जँगो राइनहार्ट, १९२८ मध्ये गाडीघराला आग लागून याचा डावा हात भाजला, आणि तू आत्ता ऐकलंस ते सगळं हा दोन बोटांवर वाजवतो.

आता क्रम उलटा करून पाहा. आधी गोष्ट आणि मग रेकॉर्ड, असं झालं असतं तर त्या पोराने ती दयेची समजूत म्हणून ऐकली असती, किंवा ऐकलीच नसती. मुकादमाला हे कोणी शिकवलं असेल? तो संगीतातला कोणी मोठा माणूस नव्हता. पण शिफारस कशी करावी यावर जगात एखादं पाठ्यपुस्तक निघालं, तर पहिला धडा त्याचा असायला हवा. आयोमीने मग भांडी घासायच्या साबणाच्या प्लास्टिक बाटलीचा तुकडा वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या हलक्या तारा लावल्या. पुढे, १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’वर तर गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा सैल पडल्या, आवाज जड आणि चिखलासारखा झाला. त्या चिखलात पन्नास वर्षं किती बँडांनी पाय रोवले याची मोजदाद नाही.

मुकादमाचा हा धडा मला फार उशिरा मिळाला, आणि तोवर मी भरपूर नुकसान करून बसलो होतो. १९९६ मध्ये नोकरीनिमित्त मुंबईत एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. दुसरा सांगलीचा, अभंग आणि किशोरकुमार यांवर सुखी असलेला सज्जन माणूस. त्याला मी एका रात्री मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकवला. ऐकवला म्हणजे काय, गाण्यावर बसून निवेदन केलं. “थांब, आत्ता येईल.” “हा बघ, हा बदल बघ.” ‘ओरायन’ लागलं. साडेआठ मिनिटांचं, शब्द नसलेलं, बास गिटार जिथे गाते असं. मी त्या साडेआठ मिनिटांत ती बास वाजवणाऱ्या क्लिफ बर्टनचं चरित्र सांगितलं: अल्बम मार्च १९८६ मध्ये आला, सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला, चोवीस वर्षांचा होता, त्याच्या अंत्यविधीला हेच वाजवलं. खाली मान घालून तो पोळीभाजी खात होता. शेवटी म्हणाला, “तू म्हणत होतास ते आलं का?” मी म्हणालो, “गेलं.”

याहून वाईट एक प्रकार आमच्या जमातीत आहे, आणि तोही मी केलेला आहे. “काय? तू अजून हे ऐकलं नाहीस?” डोळे विस्फारून विचारलेला हा प्रश्न शिफारशीचा सदरा घालून येतो, आत असतो अपमान. मेटलमध्ये पोटजातींचा सुळसुळाट. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, स्लज, आणि त्यांचेही आपसांत शरीरसंबंध होऊन झालेली संतती. घराण्यांवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या काकांच्या मित्रमंडळींना यात नवल वाटलं नसतं. ‘हे डूम नाहीच मुळी’ आणि ‘याला ग्वाल्हेर म्हणत नाहीत’ ही एकाच गळ्यातून आलेली वाक्यं आहेत. मी या वादांत हिरीरीने पडलो आहे, आणि खोटं कशाला बोला, अजूनही पडतो.

पण वाद घालणारी हीच माणसं एका बाबतीत विलक्षण उदार. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये नव्या बँडांची लाट उठली होती. अमेरिकेतल्या पोरांना ते काही दुकानात मिळत नसे. मग हाताने लिहिलेल्या याद्या टपालाने जायच्या: माझ्याकडे हे आहे, तुझ्याकडे काय आहे? लार्स उलरिक नावाचा डेन्मार्कचा टेनिस खेळणारा पोरगा कॅलिफोर्नियात येऊन पडला होता. त्याला डायमंड हेड हा बँड इतका आवडला की १९८१ च्या उन्हाळ्यात तो थेट इंग्लंडला त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन उभा राहिला, आणि राहायला त्यांच्याच घरी. पुढे त्याच्या मेटॅलिकाने डायमंड हेडची गाणी इतकी वाजवली की जगाने तो बँड मेटॅलिकामार्फतच ऐकला. ही शिफारशीची कमालच म्हणायची: दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यातून.

मेटॅलिकाचा स्वतःचा १९८२ चा डेमो, ‘नो लाइफ टिल लेदर’, सात गाण्यांचा, असाच हातोहात गेला. बँड सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा वाजवायला पोचला, तर समोरच्या पोरांना शब्द पाठ. पुढे न्यू जर्सीतल्या एका जुन्या बाजारात रेकॉर्डचं दुकान मांडणाऱ्या जॉन झझूलाच्या कानावर ती टेप पडली आणि त्याने १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. त्याच बँडने २००० साली इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण करू देणाऱ्या नॅप्स्टरवर खटला भरला, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना संताप आला. मला आधी आला, नंतर ओसरला. आम्ही करत होतो ती चोरी नव्हती का? होती. फक्त आमच्या चोरीला एक हात लागायचा. कोणीतरी ४५ मिनिटं डेकपाशी बसायचं, कागदावर गाण्यांची नावं लिहायचं, पावसात पिशवीत गुंडाळायचं. बाकी २०१५ मध्ये मेटॅलिकाने त्याच डेमोची अधिकृत कॅसेट विकायला काढली, यावर मी काही बोलत नाही.

मुंबईत आमचा शिफारशीचा बाजार भरायचा धोबी तलावाच्या रंगभवनात. १९८६ पासून तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव व्हायचा. उघडं नाट्यगृह, आसपास कॉलेजं आणि इस्पितळं. शांतता क्षेत्राच्या नियमांनी पुढे तिथले कार्यक्रम बंद झाले. इस्पितळातल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर योग्यच झालं, पण आमचा कट्टा गेला. त्या गर्दीत बोलायची गरज नसे, कारण शिफारस छातीवर छापलेली असायची. काळा टीशर्ट आणि त्यावर झाडाच्या मुळ्यांसारखी न वाचता येणारी अक्षरं. वाचता आली नाहीत तर विचारायचं, विचारलं की तासभर निश्चिंती. एकदा शेवटच्या लोकलमध्ये समोरच्या अनोळखी मुलाने माझ्या टीशर्टाकडे बघून नुसती हाताची दोन शिंगं केली. ही शिंगं मेटलमध्ये रुळवली रॉनी जेम्स डिओने, ऑझीनंतर सॅबथमध्ये आलेल्या गायकाने. त्याच्या इटालियन आजीकडून ती आली, कोणाची नजर लागू नये म्हणून ती करायची. म्हणजे आम्ही हजारो पोरं हात उंचावून एका आजीची दृष्ट काढत होतो. त्या मुलाने दादरला उतरताना माझ्या हातात एक कॅसेट ठेवली. परत कशी करू, हे विचारेपर्यंत गाडी सुटली.

१ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत आले. त्यांच्या जगदौऱ्याची सुरुवातच वांद्रे-कुर्ला संकुलातून झाली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँडचं बोइंग ७५७ तोच चालवत होता. थोरला अमेरिकेतून रजा काढून आला होता. केस गेलेले, पोट आलेलं. मधेच दिवे निळे झाले आणि खलाशाचं गाणं सुरू झालं. तोवर मी ते पुरं ऐकलेलं होतं, सीडीवर, शंभरदा. तरीही वाद्यं थांबली, लाकडं कुरकुरू लागली, तेव्हा मी आपोआप श्वास रोखला. खट् होणार म्हणून. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेच वाटत होतं हे त्याच्या तोंडावर होतं. मग बास हळूहळू वर आला, वारा सुटला आणि सतरा वर्षं उभं असलेलं जहाज हललं. आम्ही दोघंही पस्तिशीच्या आसपासचे बाप्ये, घसा फाटेस्तोवर ओरडलो.

आता फोनमध्ये सगळं आहे. तक्रार करायला जागा नाही. अख्खा ‘पॉवरस्लेव्ह’ न तुटता वाजतो आणि आवडेल असं पुढचंही तो फोन बिनचूक लावतो. फक्त तो कधी “सोमवारी परत आण” म्हणत नाही. शुक्रवार ते सोमवार या मुदतीत मी ती पहिली कॅसेट चौदा वेळा ऐकली होती. पहिल्या तीन वेळा मला ती मुळीच आवडली नव्हती. मुदत नसती तर चौथी वेळ आली नसती.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑझीला उभं राहता येत नव्हतं, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. २२ जुलैला तो गेला. रात्री थोरल्याचा न्यू जर्सीहून संदेश आला. त्यात शोक नव्हता, श्रद्धांजली नव्हती. पहिल्या अल्बमचं नाव आणि एक वेळ, त्याची सकाळ, माझी संध्याकाळ. एकाच वेळी लावायचं.

फोनवर लावणं सोपं होतं, पण मला टेपचा पाऊस हवा होता. काका २०१४ मध्ये गेले. त्यांचे खोके कोणी घेईना म्हणून माझ्याकडे आले आणि माळ्यावर पडून होते. काकांनी ‘सापडत नाही रे’ म्हटलेली माझी कॅसेट त्यात असेल अशी उगाच आशा. तिसऱ्या खोक्यात सापडली. माझ्या अक्षरातलं नाव एका रेघेने खोडलेलं. मागच्या कडेच्या दोन भोकांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी.

जुना डेक बरा चालतो. ठरल्या वेळी बटण दाबलं. तंबोरा. मारवा. कोणाची तरी घरगुती बैठक. मागे कपबशी वाजली, कोणी हलकेच ‘वा’ म्हणालं. सकाळी सातच्या आत परत द्यायची टेप असणार आणि रात्री घरात कोरी कॅसेट नसणार, बाकी काय. मी बंद करणार होतो, पण मारवा तसा अर्ध्यावर सोडून उठता येत नाही. चौतिसाव्या मिनिटाला गाणं संपलं, चार टाळ्या पडल्या, खट्टकन आवाज झाला.

आणि आयोमीची गिटार. अल्बमच्या शेवटच्या गाण्यातली ती लांबलचक फेरी, काकांच्या मैफलीने जिथवर पुसलं नव्हतं तिथून पुढची. बैठकीच्या तंबोऱ्यानंतर लगेच. शेवटच्या मिनिटाला ऑझी परत गायला आला, रेकॉर्डिंगच्या वेळी वीस वर्षांचा होता तो. मी कॅसेटचा कागद उलगडला. आत काकांचं अक्षर, तसंच मोत्याचं. वर रागाचं नाव, ‘घरगुती, ३४ मि.’ त्याखाली: ‘पुढे ४ मि. गिटार. दोन बोटं गेलेला. पुसू नये.’ आणि तळाशी नेहमीची ओळ.

अल्बम संपला. थोरल्याने कोरी ठेवलेली सात मिनिटं राहिली होती. नुसता पाऊस. मी खटका उडेपर्यंत बसून राहिलो.